बोटी अडवायला सगळे देश एकत्र, पण माणसं उतरवून कोण घेणार?

अनुजा_सायन

नमस्कार मंडळी. मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पुढच्या आठवड्यात कॉलेजात प्रेझेंटेशन आहे आणि विषय मी स्वतःच मागून घेतलाय: आश्रय मागणाऱ्या लोकांना एजंट पैसे घेऊन चोरून सीमेपार नेतात, ते थांबवायला आजूबाजूचे देश मिळून काय करतात. हे डोक्यात शिरलं त्या निकाराग्वाला निघालेल्या विमानामुळे. डिसेंबर २०२३ मध्ये यूएईतल्या फुजैराहून निघालेलं चार्टर विमान, आत ३०३ भारतीय, फ्रान्सच्या वात्री विमानतळावर इंधनाला उतरलं आणि तिथेच अडकलं, मग २६ डिसेंबरला पहाटे २७६ जणांना घेऊन आपल्या मुंबईत आलं. २५ जणांनी तिथेच आश्रय मागितला, ते राहिले. माझा मामेभाऊ तेव्हा एअरपोर्टला ग्राउंड स्टाफमध्ये होता, तो सांगत होता की बाहेर कॅमेरे होते म्हणून लोक तोंडावर मफलर, बॅग, जे हातात येईल ते धरून पळत टॅक्सी गाठत होते.

तर आता बाली प्रोसेसबद्दल वाचतेय, म्हणजे माणसांची अशी चोरटी ने-आण रोखायला देशांनी एकत्र बोलायचं व्यासपीठ. फेब्रुवारी २००२ मध्ये सुरू झाली, ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशिया मिळून चालवतात, ४५ देश मेंबर आहेत, आपणही आहोत, शिवाय यूएनएचसीआर (संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था), आयओएम (स्थलांतरासाठीची संस्था) वगैरे. माणसं जिथून निघतात, जिथून जातात आणि जिथे पोचतात असे सगळे देश एकाच टेबलाला बसतात ही कल्पना मला खरंच आवडली. पण वाचत गेले तसं असं दिसायला लागलं की पोलिसांचं ट्रेनिंग, बोटांचे ठसे, खोटे पासपोर्ट ओळखणं, माहितीची देवाणघेवाण या सगळ्यात सहकार्य जोरात आहे, आणि बोट समोर तरंगत असताना तिला कोणत्या बंदरात घ्यायचं हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. मे २०१५ मध्ये अंदमान समुद्रात तेच झालं, थायलंडने एजंटांचे जंगलातले कॅम्प शोधायला सुरुवात केली तसे एजंट बोटी सोडून पळाले आणि हजारो रोहिंग्या आणि बांगलादेशी लोक पाण्यावर तसेच अडकले, तीन देशांची नौदलं त्यांना पाणी, जेवण देऊन पुढे ढकलत होती. बाली प्रोसेसला तेव्हा तेरा वर्षं झाली होती!

मला विचारायचंय ते हे की माझं वाचन एकांगी होतंय का? आणि भारत यात नक्की कुठे उभा आहे? कोणी जाणकार असतील तर प्लीज लिहा, लांब लिहिलंत तरी चालेल.

दर्यावर्दी

अनुजाताई, वाचन एकांगी नाही. मी मर्चंट नेव्हीत चीफ ऑफिसर म्हणून रिटायर झालो, आता बोरिवलीत असतो. कायद्याचं वकील मंडळी सांगतील, मी जहाजावरून हे कसं दिसतं ते सांगतो कारण सरकारांच्या कागदात ती बाजू येतच नाही.

समुद्रात कोणी संकटात आहे असा संदेश मिळाला की कॅप्टनला जावंच लागतं. सोलास नावाचा करार आहे, त्यात स्पष्ट आहे, समोरचा कुठल्या देशाचा, त्याच्याकडे कागद आहेत की नाहीत, काही बघायचं नाही. आता डोळ्यासमोर आणा. तुमचं जहाज दोनशे मीटर लांब, डेक पाण्यापासून चार-पाच मजले वर, आणि खाली वीसेक मीटरची लाकडी बोट, तिच्यावर मुंगीला जागा नाही. तुम्ही जवळ गेलात की बोटीवरचे सगळे उठून तुमच्या बाजूला येतात आणि बोट तिथेच कलंडायला लागते. म्हणून आधी लांबूनच लाऊडहेलरवर ओरडून बसा बसा सांगायचं, जहाज वाऱ्याला आडवं लावून त्यांना आडोसा करून द्यायचा, मग पायलट लॅडर आणि जाळं सोडायचं. लाट वर आली की बोट सहा फूट उचलली जाते, त्या क्षणाला शिडी पकडायची, चुकलं तर माणूस बोट आणि जहाजाच्या मध्ये चिरडतो. लहान मुलं दोरीला पिशवी बांधून घेतली जातात. हे मी केलेलं आहे, भूमध्य समुद्रात. वर आलेल्या एका बाईने पहिली गोष्ट विचारली ती ‘कुठे चाललंय जहाज?’ आणि आमच्यापैकी कोणालाच तिला उत्तर देता येत नव्हतं.

आता टाम्पा. ऑगस्ट २००१. नॉर्वेचं कंटेनर जहाज फ्रीमँटलहून सिंगापूरला चाललेलं. ऑस्ट्रेलियाच्याच रेस्क्यू सेंटरने कळवलं की बोट बुडतेय, जा. कॅप्टन आर्ने रिनान गेले, ४३० च्या वर माणसं वर घेतली, बहुतेक अफगाणिस्तानातले हजारा जमातीचे. क्रू किती, तर २७! आणि मग ऑस्ट्रेलिया म्हणते आमच्या ख्रिसमस आयलंडला आणू नका, इंडोनेशियाला न्या. कॅप्टनने आजारी माणसं बघून शेवटी हद्दीत जहाज घातलं तर कमांडो चढवले जहाजावर. पुढे ती माणसं नाउरू आणि न्यूझीलंडला गेली. बाली प्रोसेस त्यानंतर सहा महिन्यांत जन्माला आली, हे तुमच्या प्रेझेंटेशनमध्ये पहिल्या स्लाइडला टाका. आणि त्याच ऑक्टोबरमध्ये इंडोनेशियाहून निघालेली एक बोट बुडून ३५३ माणसं गेली, बहुतेक बायका-मुलं.

टाम्पानंतर सोलासमध्ये बदल झाले, २००६ पासून लागू आहेत, की किनाऱ्याच्या देशांनी मिळून कॅप्टनला लवकरात लवकर मोकळं करायचं आणि माणसं सुरक्षित जागी उतरवायची. पण कोणत्या देशात, हे लिहिलंच नाही हो! २०२० मध्ये डेन्मार्कच्या झेंड्याचा एक टँकर माल्टाजवळ २७ माणसं घेऊन ३८ दिवस उभा होता. एवढे दिवस जहाज उभं म्हणजे जहाज भाड्याने घेणाऱ्याचे फोन, कंपनीचे फोन, रेशन संपत आलेलं. जहाजमालकांचा इन्शुरन्स क्लब काही खर्च देतो, सगळा नाही. मला मनापासून वाईट याचं वाटतं की यामुळे उद्या एखादा कॅप्टन रडारवर बोट दिसली तरी कोर्स बदलेल.

संदीप_कळवा

सगळं वाचलं, दर्यावर्दी सरांच्या अनुभवाला नमस्कार. पण दुसरी बाजू कोणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो.

ऑस्ट्रेलियाला सगळे नावं ठेवतात. पण २०१३ मध्ये वीस हजारांच्या आसपास माणसं बोटीने आली, त्याआधीच्या पाच वर्षांत हजाराहून जास्त लोक बुडून मेले. मग सप्टेंबर २०१३ ला ऑपरेशन सॉव्हरिन बॉर्डर्स सुरू केलं, बोटी सरळ मागे वळवल्या, आणि बोटीने याल तर ऑस्ट्रेलियात कधीच वसू देणार नाही असं ठणकावलं. वर्षभरात बोटी जवळपास बंद. बोट निघालीच नाही तर कोणी बुडणार पण नाही, हा साधा हिशोब आहे. एजंट लोक काही समाजसेवक नाहीत, गावाकडची जमीन विकायला लावून पैसे घेतात. गुजरातमधल्या डिंगुचा गावचं कुटुंब जानेवारी २०२२ ला कॅनडा-अमेरिका बॉर्डरवर बर्फात गोठून मेलं, नवरा, बायको, दोन लेकरं, मला आठवलं तरी अंगावर काटा येतो. अशा एजंटांना सगळ्या देशांनी मिळून चेपलं तर त्यात चुकीचं काय?

आणि मुंबईत राहून लोकलचा दरवाजा पकडून रोज जाणाऱ्या माणसाला विचारा अजून किती माणसं घ्यायची ते. देशाला आपली सीमा सांभाळायचा हक्क आहे.

ॲड_गिरगावकर

संदीपराव, सीमेचा हक्क कोणी नाकारत नाही आणि एजंटांना चेपा याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण तुमचा हिशोब अर्धा आहे. बोटी थांबल्या, माणसं पळायची थांबली नाहीत, ती इंडोनेशियात, मलेशियात अडकली, बारा-बारा वर्षं, कामाची परवानगी नाही, मुलांच्या शाळेची खात्री नाही. आणि ऑस्ट्रेलियाने जी नाउरू, मानूस या बेटांवरच्या कॅम्पांत पाठवली त्यांचं काय झालं? मानूसचा कॅम्प एप्रिल २०१६ मध्ये पापुआ न्यू गिनीच्याच सुप्रीम कोर्टाने बेकायदा ठरवला. शेवटी त्यांना वसवायला ऑस्ट्रेलियाला अमेरिकेशी करार करावा लागला. म्हणजे माणसांची सोय कुठेतरी करावीच लागली, फक्त मधली वर्षं आणि त्यांची डोकी खराब झाली.

अनुजा, तुझ्यासाठी कायद्याचा भाग, जरा नीट वाच. संयुक्त राष्ट्रांचा पालेर्मोचा प्रोटोकॉल, सन २०००, जमीन, समुद्र, हवाईमार्गे माणसांची चोरटी ने-आण रोखण्यासाठीचा. २००४ पासून लागू, भारताने २०११ ला मान्य केला. त्यात तीन गोष्टी फार मोलाच्या आहेत आणि बैठकांमध्ये त्यांचा उल्लेख सगळ्यात कमी होतो. कलम ३, गुन्हा व्हायला पैशाचा किंवा दुसरा काही ऐहिक फायदा लागतो. कलम ५, ज्याला नेलं जातंय त्याच्यावर केवळ त्यासाठी फौजदारी खटला नाही. कलम १९, १९५१ च्या निर्वासित करारातले हक्क जसेच्या तसे राहणार, म्हणजे जिथे जिवाला धोका तिथे परत पाठवायचं नाही. कॅनडात याचाच कीस निघाला. ऑगस्ट २०१० मध्ये थायलंडकडून ४९२ तमिळ घेऊन एक जहाज तिथे पोचलं, त्याच्या आदल्या वर्षी ७६ जणांचं एक आलं होतं, आणि बरोबर आलेल्यांपैकी काहींनाच तस्कर ठरवलं. कोणी स्वयंपाक केला, कोणी इंजिनाकडे बघितलं. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने २०१५ ला सांगितलं की घरच्या माणसाला मदत, एकमेकांना मदत, माणुसकीने केलेली मदत, हे तस्करीत धरता येणार नाही. निकाल काढून वाच, भाषा सोपी आहे.

मलेशिया करारही घे. २०११ मध्ये ऑस्ट्रेलिया म्हणाली, आमच्याकडे बोटीने आलेले ८०० तुम्ही घ्या, तुमच्याकडचे ४००० मान्य झालेले निर्वासित आम्ही घेतो. वरवर चांगला सौदा. पण ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने ऑगस्टअखेर तो उडवला, कारण मलेशियात निर्वासितांना संरक्षण देण्याची कायद्याने कसली हमीच नव्हती. मुद्दा इथेच आहे बघ: सहकार्य करणाऱ्या देशांपैकी इंडोनेशिया, मलेशिया, थायलंड, बांगलादेश आणि आपण, यातल्या कोणीही १९५१ चा करार केलेला नाही. बाली प्रोसेस तर बंधनकारक पण नाही, सगळं स्वेच्छेवर. मार्च २०१६ ला बाली डिक्लरेशन झालं, २०१५ चं पुन्हा घडू नये म्हणून तातडीने सल्लामसलत करायची यंत्रणा ठेवली, चांगलं झालं, पण अमुक बंदर तमुक इतकी माणसं घेईल असं कुठेही नाही.

भारताचं म्हणशील तर आश्रयाचा कायदा आपल्याकडे नाही. आपल्या घटनेचं कलम २१, म्हणजे जगण्याचा हक्क, परक्या माणसालाही लागू आहे हे सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये चकमा निर्वासितांच्या केसमध्ये सांगितलं, पण २०२१ ला जम्मूतल्या रोहिंग्यांना नियमाप्रमाणे परत पाठवायला मोकळीकही दिली. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट लागू झाला, त्यात कागदाशिवाय घुसल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा, आणि आश्रय मागायची काही रीत नाही. सार्कचा २००२ चा करार फक्त बायका-मुलांना वेश्याव्यवसायासाठी विकण्याबद्दल आहे, तुझ्या विषयाला तो पुरत नाही. आणि हो, कागद नसलेला प्रवासी आणला तर विमान कंपनीला दंड, हे आपल्याकडेही २००० पासून आहे. सरळ मार्गाने तिकीट काढून ज्याला चढताच येत नाही तो एजंटकडेच जाणार ना.

वेसावकर

मी वेसाव्याचा, घरची बोट आहे. एवढे मोठे कायदे मला ठाऊक नाहीत पण बोटीवर पकडला कोण जातो ते बोलायचंय.

जानेवारी २०१९ ला कोचीजवळच्या मुनंबम बंदरातून एक मच्छीमारी बोट निघाली, दोनशेच्या आसपास माणसं, श्रीलंकेचे तमिळ आणि दिल्लीत राहणारी तमिळ कुटुंबं, न्यूझीलंडला जायचं म्हणून. मागे धक्क्याजवळ सोडून दिलेल्या बॅगा सापडल्या तेव्हा पोलिसांना कळलं. बोटीचा पुढे काही ठावठिकाणा लागला नाही. आमच्यासारख्या माणसाला ऐकूनच कळतं की हे होणारं नव्हतं. ती बोट पंधरा दिवस मासे मारून परत यायला बांधलेली असते, बर्फ आणि डिझेल भरलं की खाली जागा राहत नाही, दोनशे माणसांना प्यायचं पाणी कुठे ठेवणार? न्यूझीलंड म्हणजे अख्खा महासागर ओलांडायचा. ज्याने पैसे घेतले त्याला हे माहीत नसेल असं मी मानत नाही.

दुसरं, ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या बोटींवर खलाशी कोण होते, तर इंडोनेशियाच्या रोते बेटाकडचे गरीब मच्छीमार, पोरंसोरं. एजंट कधी बोटीवर चढतच नाही, तो पैसे घेऊन जमिनीवर. पकडली गेली ती ही पोरं, तिथे कमीत कमी पाच वर्षं शिक्षेचा कायदा होता, मनगटाचा एक्स-रे काढून वय ठरवायचे आणि अल्पवयीन पोरांना मोठ्यांच्या जेलमध्ये टाकलं, नंतर सरकारला भरपाई द्यावी लागली. आमच्या पालघर, डहाणूकडचे खलाशी बोट जरा हद्दीपार गेली की कराचीच्या जेलमध्ये वर्षानुवर्षं सडतात, त्यांच्या बायका इथे ऑफिसांचे उंबरे झिजवतात, म्हणून मला ते फार लागतं. सहकार्य करायचंच तर वर बसलेल्यांना पकडायचं करा.

आणि २०१५ ला इंडोनेशियाच्या आचे प्रांतातल्या मच्छीमारांना त्यांच्या सैन्याने सांगितलेलं की त्या बोटींना किनाऱ्याला आणू नका. तरी त्यांनी शेकडो माणसं आणली. त्यांच्यात पांगलिमा लाओत म्हणून दर्याचा मुखिया असतो, समुद्रात माणूस दिसला तर उचलायचाच हा त्यांचा जुना नेम. आमच्यात पण हेच आहे, बुडणाऱ्याला सोडून जाळं ओढणारा तांडेल परत गावात मान वर करून फिरू शकत नाही.

संदीप_कळवा

वेसावकर दादा, खलाशांचं मला खरंच माहीत नव्हतं, आणि वर बसलेल्यांना पकडा हे पटलं. थायलंडमध्ये ते झालं ना थोडं? २०१७ ला माणसांच्या तस्करीत ६२ जणांना दोषी धरलं आणि त्यात लष्कराचा एक लेफ्टनंट जनरल पण होता, त्याला २७ वर्षं दिली. मलेशियाच्या बाजूला वांग केलियानला १३९ कबरी सापडलेल्या. म्हणजे सरकारी माणसं सामील असल्याशिवाय हे चालतच नाही.

पण वकीलसाहेब, माझा प्रश्न तसाच राहतो. उतरवून घेतलं तर मग ती माणसं कायमची कोणाच्या गळ्यात? हीच भीती असते प्रत्येक देशाला, आणि ती भीती खोटी नाही.

अनुजा_सायन

खूप खूप आभार सगळ्यांचे, मी सगळं वहीत उतरवतेय. संदीपदादा, हाच प्रश्न मला फेब्रुवारी २०२१ च्या बोटीबद्दल पडला. बांगलादेशातल्या कॉक्स बाजारहून ९० रोहिंग्या निघाले, इंजिन बंद पडलं, भारतीय कोस्ट गार्डला बोट अंदमान समुद्रात सापडली तेव्हा आठ माणसं मेलेली आणि ८१ जिवंत. आपल्या लोकांनी अन्न, पाणी, औषध दिलं. पण उतरवून नाही घेतलं, बांगलादेशने परत घ्यावं म्हणून बोलणी सुरू झाली, बांगलादेश म्हणाला ही आमची जबाबदारी नाही. भारत आणि बांगलादेश दोघेही बाली प्रोसेसचे मेंबर! शेवटी ती ८१ माणसं जूनमध्ये आचेला लागली, शंभराहून जास्त दिवस समुद्रावर. कोस्ट गार्डच्या जवानांनी स्वतःचं काम केलं, त्यांना मी दोष देणार नाही, पण पुढचा निर्णय घ्यायला दिल्ली, ढाका कोणाकडेच आधी ठरलेलं काही नव्हतं. तर याला उत्तर म्हणून कधी कुठे काही जमलेलं आहे का?

ॲड_गिरगावकर

आहे, आणि आशियातलंच आहे. व्हिएतनाम युद्धानंतर लाखो लोक बोटीतून निघाले. १९७९ च्या सुमारास मलेशिया, थायलंड बोटी सर्रास परत समुद्रात ढकलत होते, संदीपराव म्हणतात तीच भीती, की आमच्या गळ्यात राहतील. जुलै १९७९ ला जिनिव्हात परिषद झाली, अमेरिका, फ्रान्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया वगैरेंनी लाखांच्या आकड्यात माणसं घेण्याचा शब्द दिला, आणि बोटी ढकलणं कमी झालं. मग १९८९ ला कॉम्प्रिहेन्सिव्ह प्लॅन ऑफ ॲक्शन. आजूबाजूच्या देशांनी बोट उतरवून घ्यायची, प्रत्येकाची चौकशी करायची, खरा निर्वासित असेल त्याला पाश्चात्त्य देशांनी वसवायचं, नसेल त्याला सुरक्षितपणे परत व्हिएतनामला, आणि व्हिएतनामने विमानाने रीतसर जायची वाट मोकळी ठेवायची. ती रीतसर वाट हाच माझ्या मते सगळ्याचा कणा, कारण तिने एजंटचं गिऱ्हाईक तोडलं. १९९६ पर्यंत हे चाललं. दोष होतेच, चौकशीत काही ठिकाणी लाचखोरी झाली, हाँगकाँगमधून लोकांना जबरदस्तीने विमानात कोंबलं, ते लपवू नकोस. पण ज्या मलेशियाने बोटी ढकलल्या त्याच मलेशियाने उतरवून घेतल्या, कारण पुढे कोण घेणार ते आधी ठरलेलं होतं.

२०१५ ला पण छोट्या प्रमाणात हेच झालं. २० मे ला मलेशिया आणि इंडोनेशियाने माणसं उतरवून घ्यायची तयारी दाखवली, अट एवढीच की वर्षभरात बाहेरच्या जगाने त्यांना वसवावं किंवा परत न्यावं.

दर्यावर्दी

वकीलसाहेब, त्या व्हिएतनामच्या काळातली एक गोष्ट जोडतो, आमच्या सिनियर कॅप्टन लोकांकडून ऐकायचो. तेव्हा वाचवलेल्यांना घ्यायला बंदर कां कू करायचं, म्हणून यूएनएचसीआरने योजनाच काढली होती, जहाजाच्या झेंड्याचा देश किंवा दुसरा कोणी यांना नक्की वसवेल अशी हमी द्यायची, मग बंदर उतरवून घ्यायचं. डिसेरो आणि रासरो अशी नावं होती त्या योजनांची. कॅप्टनच्या हातात तो कागद असला की एजंट, पोर्ट, इमिग्रेशन सगळे सुतासारखे सरळ यायचे. अनुजाताई, हे दोन शब्द शोधा, तुमच्या सरांनाही बहुतेक माहीत नसतील.

अनुजा_सायन

शोधते काका. वकीलसाहेब, एकच शेवटचं, भारताने यात नेमकं काय मागावं असं तुम्हाला वाटतं? मला प्रेझेंटेशनमध्ये स्वतःचं मत द्यायचंय.

ॲड_गिरगावकर

माझं मत विचारशील तर, बंगालच्या उपसागरासाठी भारत, बांगलादेश, म्यानमार, श्रीलंका, थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया यांच्यात उतरवून घेण्याची बंदरं आधी ठरवलेली असावीत, पाळीपाळीने, आणि बाकीच्या देशांनी खर्च आणि वसवण्याचा कोटा लेखी द्यावा. बाली प्रोसेसमध्ये हे मांडायला भारताला कोणीही अडवत नाही. आणि पालेर्मोचं कलम ५ आपल्या नव्या कायद्यात स्पष्ट शब्दांत यावं, की तस्कराने आणलेल्या माणसावर त्या कारणाने खटला नको, त्याला साक्षीदार म्हणून वागवा. तो बोलला तरच वेसावकर म्हणतात तो वर बसलेला माणूस सापडेल, कारण पैसे कोणाच्या हातात दिले हे त्यालाच माहीत असतं. १९८९ च्या प्लॅनचा मूळ मजकूर यूएनएचसीआरच्या साइटवर आहे, थोडक्यात आहे, शनिवारी बसून वाच आणि काही अडलं तर इथेच विचार.